ऑक्साइड थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूल: भट्टीवर चढवण्याआधीची कामं, क्रमाने

डिसेंबर लागला, ‘आविष्कार’ची (विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेची) तारीख जवळ आली, की पोरं प्रयोगशाळेच्या दारात उभी राहतात. हातात काळ्या तुकड्यांची चळत असते, म्हणजे थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूल: एक बाजू गरम, दुसरी थंड ठेवली की वीज देणारं. आणि तक्रार ठरलेली: ‘सर, मीटर तर व्होल्टेज दाखवते, पण दिवा काई लागत नाई.’ पूड बहुतेकांची बरी असते. बिघडतं ते पुढे, सांध्यांत आणि थंड बाजूला. मधल्या मोजण्या गाळलेल्या असतात, त्यामुळे सगळं जोडून झाल्यावर दोष नेमका कुठे आहे हे शोधायला वाटच उरत नाही.

इथे एकच साधं मॉड्यूल घेतलं आहे. कॅल्शियम कोबाल्ट ऑक्साइडचे (कॅल्शियमचे ३ अणू, कोबाल्टचे ४, ऑक्सिजनचे ९) १६ पाय, प्रत्येक ५ × ५ मिमी जाडीचा आणि ८ मिमी उंच, चांदीच्या तारेने एकामागे एक जोडलेले. हा पी-प्रकारचा पदार्थ, म्हणजे यात वीज धन भार वाहून नेतात; एन-प्रकारात ऋण भार. एन-प्रकारचे पाय सध्या नकोत, त्याबद्दल शेवटी.

आधी हिशेब, म्हणजे नंतर रडारड नको. या पदार्थात दर अंशाला साधारण १५० मायक्रोव्होल्ट मिळतात. पायाच्या दोन टोकांत ३०० अंशांचा फरक राखता आला तर एका पायाचे ४५ मिलिव्होल्ट, सोळांचे ०.७२ व्होल्ट. साध्या भाजणीच्या पायाचा रोध ३२ मिलिओहमच्या आसपास, सोळांचा मिळून अर्धा ओहम. कागदावर पाव वॅट. तारा आणि सांधे धरून रोध दुप्पट झाला, आणि तो होतोच, तर ०.१३ वॅट. एवढ्यावर एक बारका एलईडी लागतो. पोस्टरवर मोबाईल चार्जिंगचं चित्र काढू नका.

## १. भट्टी मोजा, मगच रसायनं मागवा

आमच्या भागात धान आहे, त्यामुळे कोंड्यावर चालणारी मुरमुऱ्याची भट्टी हाताशी असते. तुमच्याकडे पऱ्हाटी-तुऱ्हाटीवर पेटणारं चुलाण असेल, कुंभाराची कवेलूची भट्टी असेल, लोहाराचा भाता असेल. मॉड्यूल जिथे बसवायचं ठरवलं आहे, नेमक्या त्याच जागी के-प्रकारचं थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) धरा आणि तासभर दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. कोंडा टाकला की तापमान कसं वरखाली होतं ते त्या कागदावर दिसेल.

जागा २०० अंशांच्या आत असेल तर हा उद्योग करू नका. तेवढ्यासाठी उष्णतेवर चालणारी तयार बिस्मथ टेल्युराइड मॉड्यूल मिळतात. (थंड करण्यासाठी विकली जाणारी स्वस्त पेल्टियर प्लेट मात्र त्यातही नको. तिच्यातलं डाख बहुतेक वेळा १३८ अंशांनाच वितळतं.) ऑक्साइडचा फायदा ५०० ते ७५० अंशांत, उघड्या हवेत, जिथे टेल्युराइड टिकत नाही तिथे आहे.

वरची हद्दही ठाऊक असू द्या. हा पदार्थ हवेत ९२६ अंशांच्या पुढे फुटून दुसरीच संयुगं बनवतो. त्याआधी चांदीचे सांधे ढिले पडतात. म्हणून पायाचं गरम टोक ७५० च्या वर जाऊ द्यायचं नाही.

सावध: हातातली इन्फ्रारेड बंदूक ज्वाळेवर धरून घेतलेला आकडा चालत नाही. स्वस्त बंदुकांची मोजण्याची हद्दही ४०० अंशांच्या आतबाहेरच संपते.

## २. सामान आणि फर्नेसची परीक्षा

कॅल्शियम कार्बोनेट आणि कोबाल्ट ऑक्साइड (काळं, कोबाल्टचे ३ आणि ऑक्सिजनचे ४ अणू असलेलं) दोन्ही प्रयोगशाळेच्या शुद्धतेचं, ९९ टक्क्यांच्या वरचं घ्या. वणीकडच्या भट्टीतला चुना फुकट मिळतो म्हणून दरवर्षी कोणीतरी घेऊन येतो. त्यात सिलिका, लोह, मॅग्नेशियम किती आहे हे ठाऊक नसताना वजनाचं गणित कशाच्या आधारावर करणार?

बाकी लागेल ते: अगेटचा खल, ३० × ५ मिमीची आयताकृती डाय (साचा), हायड्रॉलिक प्रेस, अ‍ॅल्युमिनाची क्रुसिबल (भाजायचं भांडं) आणि पातळ पट्ट्या, भाजायची चांदीची पेस्ट, ०.३ मिमीची चांदीची तार, सिरॅमिक लोकर, १००० अंशांपर्यंत जाणारी मफल फर्नेस (प्रयोगशाळेतली विजेची बंद भट्टी).

पेस्ट घेताना डब्यावर वाचा. खोलीच्या तापमानाला वाळणारी चांदीची पेस्टही त्याच कपाटात ठेवलेली असते. तिच्यातला चिकट पदार्थ २००-३०० अंशांत जळून जातो आणि सांधा भुकटी होऊन पडतो.

तार सोनाराकडून ओढून घेता येते. मागताना स्पष्ट सांगा: दागिन्याची नको, ९९९ ची हवी. ९२५ च्या चांदीत तांबं असतं आणि ती ८०० च्या जरा वर गेली की वितळायला लागते. आमच्या पहिल्या मॉड्यूलच्या तारा ८५० च्या भाजणीत मेणासारख्या लोळल्या होत्या. चूक आमचीच, आम्ही विचारलंच नव्हतं.

आता फर्नेस. तिच्या पडद्यावरचा आकडा तिच्या स्वतःच्या थर्मोकपलच्या टोकाशी खरा असतो. तुमची क्रुसिबल असते तिथे २०-३० अंशांचा फरक सहज निघतो. आपल्याला ९०० वर काम करायचं आहे आणि ९२६ ला पदार्थ मोडतो, म्हणजे चुकायला जागा फार कमी. यावर साधा उपाय असा: शुद्ध चांदीच्या तारेचा लहानसा तुकडा अ‍ॅल्युमिनाच्या खापरीवर, क्रुसिबल जिथे ठेवणार तिथेच ठेवा. ९४० वर अर्धा तास ठेवून थंड केल्यावर तार तशीच दिसली पाहिजे. ९७० वर तिचा मणी झाला पाहिजे. दोन्हीपैकी एक जरी उलट झालं, तरी आधी फर्नेसची दुरुस्ती.

सावध: कोबाल्टची धूळ फुप्फुसाला आणि कातडीला वाईट. तोलताना, कुटताना, घासताना एन-९५ मास्क आणि हातमोजे. पंखा बंद. सिरॅमिक लोकर कापतानाही तेच.

## ३. पूड

सोळा पायांना साधारण १० ग्रॅम लागतात. कापताना, घासताना जाणारं आणि तडकणारं धरून २० ग्रॅम बनवा. त्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट १२.०१ ग्रॅम आणि कोबाल्ट ऑक्साइड १२.८४ ग्रॅम. कार्बोनेट १५० अंशांवर दोन तास वाळवून, बंद भांड्यात थंड करून मगच तोला. पावसाळ्यात ही पायरी गाळली की वजनात ओल मोजली जाते.

खलात थोडं अ‍ॅसिटोन घालून तासभर घोटा. रंग सगळीकडे सारखा, पांढरा ठिपका एकही नाही, इथवर. क्रुसिबल अर्धीच भरा. कार्बन डायऑक्साइड निघायला वाट हवी. ८८० अंशांवर १२ तास, थंड झाल्यावर पुन्हा अर्धा तास घोटून ९०० वर २० तास.

तपासा: सुरुवातीचं वजन २४.८५ ग्रॅम, शेवटी २०.० च्या आसपास, म्हणजे साडेएकोणीस टक्के घट. घट कमी दिसली तर कार्बोनेट शिल्लक आहे. पुन्हा घोटा, पुन्हा भाजा. जास्त दिसली तर पूड सांडली किंवा उडाली असेल. एक्स-रे डिफ्रॅक्शन (हवा तोच पदार्थ बनला का हे दाखवणारी तपासणी) करून घेता आलं तर उत्तम, पण वजन बरोबर नसताना नमुना घेऊन नागपूरला पळू नका.

वीज जाण्याचं काय, हा प्रश्न येतोच. या टप्प्यात वीज गेल्याने पूड बिघडत नाही. गेलेला वेळ पुढे धरा आणि दार उघडू नका. फक्त फर्नेसचा कंट्रोलर वीज परतल्यावर काय करतो ते आधी पाहून ठेवा. काही कंट्रोलर पूर्ण जोराने तापवत सुटतात आणि ठरवलेला आकडा ओलांडून मग खाली येतात. तसला असेल तर रात्री कोणीतरी झोपायला प्रयोगशाळेत.

## ४. कांड्या दाबणं आणि भाजणं

सगळ्यात जास्त वीज इथे वाया जाते, आणि तेही कोणाच्या लक्षात न येता. या पदार्थाचे कण चपटे असतात, पोह्यासारखे. दाबले की आडवे झोपतात. वीज त्यांच्या पातळीत सहज वाहते, आरपार अवघड जाते. तुम्ही गोल गोळी दाबून तिच्या वर-खाली चांदी लावली, तर नेमकी वाईट दिशा निवडली. म्हणून आयताकृती डाय सांगितली. ३० मिमी लांब, ५ मिमी रुंद कांडी दाबायची, दाबलेली जाडी ५ मिमीच्या जवळ येऊ द्यायची, आणि मग लांबीवर ८-८ मिमीचे तुकडे कापायचे. पाय उभा केला की ती लांबी उंची होते आणि वीज कणांच्या पातळीत धावते.

कांडी दाबल्यावर तिच्या एका बाजूला पेन्सिलीने बाण काढायची सवय लावा. कापल्यावर तुकडा ५ × ५ × ८ चा असतो, तेव्हा गोंधळ कमी. पण कोणी ८ ऐवजी ५ मिमीचा पाय कापला की घनच होतो आणि दिशा विसरली जाते.

पूड २.५ ग्रॅम, त्यात पीव्हीएच्या (पूड धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थाच्या) पातळ द्रावणाचे दोन-तीन थेंब, नीट मिसळून वाळवलेली. दाब २ टन, दोन मिनिटं. ‘जास्त दाबलं तर जास्त घट्ट’ म्हणून ५ टनांवर गेलात तर डायमधून निघताना कांडीच्या चकत्या सुटतात. सोडतानाही दाब हळूच सोडायचा. सहा कांड्या दाबा. एकीतून तीन पाय निघतात, दोन पाय राखीव राहतील.

भाजणी: मिनिटाला २ अंशांनी ५०० पर्यंत, तिथे तासभर (पीव्हीए जळू द्या), मग त्याच वेगाने ९००, तिथे २४ तास. कांड्या त्याच पुडीच्या पातळ थरावर ठेवा. थंड होतानाही फर्नेस बंदच. कांड्या सच्छिद्र निघतील, चिनी मातीसारख्या टणक नाही. घनता वाढावी म्हणून ९५० करायचा मोह होतो, आणि तिथेच महिनाभराचं काम मोडतं.

तपासा: रोध चार टोकांनी मोजा. साध्या मल्टिमीटरच्या दोन टोकांनी मोजून उपयोग नाही. त्याच्या वायरींचाच रोध तुमच्या पायाच्या दसपट असतो. कांडीच्या दोन टोकांतून १०० मिलिअँपिअर सोडा, मधे १ सेंमी अंतरावर दोन सुया टेकवून व्होल्टेज वाचा. ४ मिलिव्होल्टच्या आसपास आलं तर कांडी चांगली. ८ पर्यंत चालवून घेता येईल. ४० आलं तर ती कांडी बाजूला. तिच्यावर चांदी वाया घालवू नका.

दुसरी तपासणी सोल्डरिंग आयर्नची. एक टोक गरम करा, मीटरची लाल वायर थंड टोकाला लावा. आकडा अधिक यायला हवा, आणि टोकांमध्ये १०० अंशांचा फरक असेल तर १२ ते १५ मिलिव्होल्ट.

## ५. चांदीचे सांधे

अर्धी मॉड्यूल इथेच मरतात. घाई करून पेस्ट, तार, पट्टी सगळं एकदम चढवून एकाच भाजणीत उरकलं जातं. तसं करू नका. दोन भाजण्या करा.

पहिली भाजणी फक्त टोकांची. कापलेले पाय काचेवर ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर कोरडेच घासा. सगळे एकत्र धरून घासले तर उंची सारखी येते. एखादा पाय केसभर आखूड राहिला तर गरम प्लेट त्याला टेकणारच नाही. ब्रशने धूळ झाडा. दोन्ही टोकांना पेस्टचा पातळ थर द्या, बाजूंना ओघळू देऊ नका. १५० अंशांवर तासभर वाळवा. ओल्या पेस्टला थेट तापवलं की फुगे येतात आणि फुग्याखाली सांधा पोकळ राहतो. मग ८५० वर २० मिनिटं.

तपासा: प्रत्येक पाय आता टोकापासून टोकापर्यंत, चार टोकांनी. ३२ मिलिओहम हे पदार्थाचं. ४५ पर्यंत आलं तर सांधा बरा. १०० दिसलं तर टोकं घासून काढा, पुन्हा चांदी. सोळाही आकडे वहीत, पायाच्या क्रमांकासकट.

तारेची जाडी हा विषय पोरं हसण्यावारी नेतात. चांदी वीज जितकी छान नेते तितकीच उष्णताही. ०.५ मिमीची, १२ मिमी लांब तार ४०० अंशांच्या फरकाला अडीच वॅटच्या वर उष्णता गुपचूप थंड बाजूला पोहोचवते. पाय स्वतः जेवढी नेतो जवळजवळ तेवढीच. म्हणजे भट्टीची अर्धी उष्णता कामाविना गेली. ०.३ मिमीच्या तारेत हे सुमारे एक वॅटवर येतं आणि विजेचा रोध तार तापल्यावरही फक्त ७ मिलिओहम वाढतो. ०.१ मिमी घेतली तर रोधच पायाला मागे टाकतो.

## ६. जुळणी

खालची, म्हणजे थंड बाजूची अ‍ॅल्युमिना पट्टी ३५ मिमी चौरस. तिच्यावर पेस्टने ६ मिमीचे १६ चौकोन रंगवा, मधे दोन मिमी कोरडी जागा. वाळवून, भाजून, प्रत्येक दोन चौकोनांत वीज जात नाही ना ते मीटरने पाहा.

मग प्रत्येक चौकोनावर पेस्ट, त्यावर पाय. पहिल्या पायाच्या डोक्यावरून तार निघून दुसऱ्याच्या चौकोनावर उतरते, दुसऱ्याच्या डोक्यावरून तिसऱ्याच्या. रांग संपली की नागमोडी वळून पुढची. डोक्यावरून डोक्यावर तार नेलीत तर दोन पाय एकमेकांविरुद्ध लढतात आणि व्होल्टेज शून्यावर येतं. ही चूक मी दरवर्षी बघतो, कारण पी-एन मॉड्यूलचं चित्र समोर ठेवून पी-पी मॉड्यूल जोडलं जातं.

डोक्यावर अ‍ॅल्युमिनाचा तुकडा आणि २००-३०० ग्रॅमचं उष्णतारोधक विटेचं वजन ठेवून दुसरी भाजणी: १५० ला वाळवणं, मग ८५० ला २० मिनिटं, मिनिटाला ३ अंशांच्या वेगाने वर आणि खाली.

गरम बाजूची पट्टी चिकटवायची नाही. ती नुसती टेकवून स्प्रिंगने दाबायची. चांदी, ऑक्साइड आणि अ‍ॅल्युमिना तिघं तापल्यावर वेगवेगळ्या मापाने वाढतात. दोन्ही बाजूंनी बांधून टाकलं तर कोपऱ्यातले पाय पहिल्याच तापण्यात तडकतात. स्प्रिंग थंड बाजूला असावी. भट्टीकडची स्प्रिंग तापून लोळते.

पायांमधल्या फटीत सिरॅमिक लोकर हलक्या हाताने भरा.

तपासा: संपूर्ण साखळीचा रोध. १६ पायांचे वहीतले आकडे, अधिक १६ तारांचे ३-३ मिलिओहम (तार थंड असताना). येणारा आकडा या बेरजेच्या दीडपटीत असला तर पुढे जा.

## ७. थंड बाजू

मे महिन्यात आपल्याकडे सावलीतली हवाच ४५ अंशांवर असते आणि भट्टीच्या खोलीत त्याहून वर. पंखा आणि अ‍ॅल्युमिनियमचे पंख पुरत नाहीत, शिवाय पंखा तुमच्या मॉड्यूलपेक्षा जास्त वीज खातो. पाणीच वापरा. पाय, तारा आणि गळती मिळून ७० वॅटच्या आसपास उष्णता बाहेर काढायची असते. अ‍ॅल्युमिनियमचा वॉटर ब्लॉक, वर २० लिटरचा कॅन, दोन नळ्या. पाणी तापून आपोआप फिरतं. ७० वॅटला २० लिटर पाणी तासाला तीन अंशांनी तापतं, म्हणजे चार तासांची पाळी निभते. कॅन ब्लॉकच्या वर हवा आणि गरम पाण्याची नळी सलग वर चढत जायला हवी, मधे कुठेही खाली उतरायला नको, नाहीतर हवेचा फुगा अडकून फिरणं थांबतं. बोअरचं पाणी जड असतं. ब्लॉकमध्ये पांढरा थर बसतो. आरओचं किंवा गाळलेलं पावसाचं पाणी भरा.

## ८. भट्टीवर

भट्टीत ८०० अंश म्हणजे तुमच्या मॉड्यूलचं तोंड ८०० नव्हे. पाणी मागून उष्णता ओढत असतं आणि ३५ मिमीच्या चौकोनावर ज्वाळेतून तेवढी उष्णता पोहोचतच नाही. म्हणून एसएस ३१० ची (उष्णता सोसणाऱ्या स्टेनलेस स्टीलची) ५ मिमी जाड, ७० मिमी चौरस प्लेट भट्टीकडे आणि तिच्या मागे मॉड्यूल. प्लेटच्या मागच्या अंगाला भोक पाडून थर्मोकपल कायमचं बसवा. कोंड्याची राख बहुतांशी सिलिका असते आणि तिचा थर रजईसारखं काम करतो. दर पाळीला प्लेट खरवडून पुसा.

क्रम: आधी पाणी फिरतं आहे याची खात्री, मग भट्टीच्या तोंडाशी हळूहळू सरकवणं, अर्धा तास घेऊन. काढताना उलट, आणि प्लेट १०० च्या खाली येईपर्यंत पाणी चालू. भट्टीवाले काका मदत म्हणून गरम प्लेटवर पाणी मारतात. त्यांना आधीच सांगून ठेवा.

मोजताना आधी काही न जोडता व्होल्टेज घ्या. मग बदलता रोध जोडून व्होल्टेज बरोबर निम्मं येईल तिथे थांबा. तिथे शक्ती सर्वांत जास्त आणि तो बाहेरचा रोध म्हणजेच मॉड्यूलचा आतला रोध. हा आकडा खोलीत मोजलेल्या रोधाच्या बराच वर गेला असेल तर तापताना कुठला तरी सांधा उघडतो आहे. व्होल्टेजच कमी असेल तर सांध्यांना हात लावू नका, थंड बाजू पाहा.

बाजारातले स्वस्त बूस्टर (व्होल्टेज वाढवणारी छोटी सर्किटं) ०.९ व्होल्टच्या आसपास सुरू होतात. आपले ०.७२ व्होल्ट न जोडता आहेत, जोडल्यावर ०.३६. बूस्टर ढिम्म राहतो आणि पोरं मॉड्यूलला दोष देतात. त्याहून कमी व्होल्टेजला उठणारा बूस्टर घ्या, नाहीतर अशी चार-पाच मॉड्यूल एकामागे एक लावा.

## ९. एन-प्रकारचे पाय कधी

वरचं मॉड्यूल दहा वेळा तापून-थंड होऊन त्याचा आतला रोध वीस टक्क्यांपेक्षा जास्त वाढला नाही, तर मग. त्यासाठी कॅल्शियम मँगनेट घेतात, कॅल्शियमच्या दहापैकी एका अणूच्या जागी इटर्बियम घालून. त्याची भाजणी १२०० ते १३०० अंशांची, म्हणजे साध्या मफल फर्नेसच्या आवाक्याबाहेर. आणि भंडाऱ्यात डोंगरी बुजुर्गला, चिखल्याला मँगनीजच्या खाणी आहेत म्हणून तिथला दगड कुटून आणू नका. त्यातलं लोह आणि सिलिका घेऊन पुन्हा त्याच वजनाच्या गणिताशी येऊन थांबाल.

दर तापण्यानंतर वहीत चार आकडे लिहायचे: प्लेटचं तापमान, पाण्याचं तापमान, न जोडता व्होल्टेज, आतला रोध. पाचव्या रकान्यात त्या दिवशी भट्टीत काय जळत होतं ते.